डब्यातले अण्णा

मंगळवेढ्याच्या बसस्थानकामागे एका ट्रस्टचं डायलिसिस केंद्र होतं. साल फार पुढचं नव्हे. एसटी विजेवर धावायला लागली होती आणि तरीही उशिराच येत होती. केंद्रात सात खुर्च्या, सात यंत्रं, दाराशी एक वजनकाटा आणि काट्यामागे टेक्निशियन महानंदा, एवढाच संसार.

मूत्रपिंडं थांबली की प्यालेलं पाणी अंगातच साठत जातं. पाय सुजतात, दम लागतो, हृदयावर ताण येतो. यंत्र ते पाणी रक्तातून ओढून काढतं. किती ओढायचं ते काटा सांगतो: पाणी साठलेलं नसताना माणसाचं जे वजन असतं ते त्याचं कोरडं वजन, आणि त्याच्या वर जेवढं भरेल तेवढं पाणी. तीन किलोपर्यंत वाढ असली तर चार तास खुर्चीत बसावं लागे. तीनच्या वर गेली की पाचवा तास. नियम सोलापुरात बसणाऱ्या डॉक्टर घैसासांचा होता आणि वैद्यकीयदृष्ट्या त्यात खोट काढायला जागा नव्हती.

खोट होती ती एसटीच्या वेळापत्रकात. दहाला बसलेला माणूस चार तासांनी दोनला सुटे आणि दोन वीसची हुलजंतीची गाडी त्याला मिळे. पाचवा तास लागला की पुढची गाडी सव्वासहाची.

"ताई, आज जरा बघा की," पारूबाई लेंडवे काट्यावर चढताना म्हणायच्या. "घरी म्हस व्यालीय. सूनबाईला धार काढू देत न्हाई ती."

काटा तीन किलो तीनशेची वाढ दाखवत असे. महानंदा दोन नऊशे लिहीत असे. तीन-चारशे मिलीनं काय आभाळ कोसळतंय, असं तिला वाटे आणि खरोखरच कोसळलं नव्हतं. हुलजंती, मरवडे, सलगर इकडच्या सगळ्यांना ती ही सवलत देई. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. फक्त जानेवारीत हुरड्याच्या दिवसांत तिच्या टेबलाखाली कोवळ्या कणसांची पिशवी येऊन पडे.

सवलत न मागणारा एकच पेशंट होता, तो म्हणजे तिचे वडील.

गुरुलिंगप्पा म्हेत्रे ऊर्फ अण्णा यांनी चौतीस वर्षं एसटी चालवली होती आणि एकदाही गाडी कुठे घासली नव्हती. डोळ्यांत आता मोतीबिंदू होता, काट्याचा आकडा दिसत नसे. ते ताठ उभे राहून विचारत, "किती?"

"दोन आठशे."

"बघा!" ते बाकीच्यांकडे वळत. "तीनच्या आत. दीड वर्ष झालं. आणि तुम्ही लेको, ताईला भरीस घालता."

लेको मान खाली घालून हसत. अण्णांचं खरं वजन किती भरतं हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, महानंदालाही नाही. सुरुवातीला एकदा तीन पाचशे भरलं तेव्हा तिनं दोन नऊशे सांगितलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की पुढच्या वेळी खरं सांगायचं तिच्या जिवावर आलं. नंतर नंतर तर अण्णा काट्यावर नीट उभे राहायच्या आतच तिनं आकडा लिहिलेला असे. कधी दोन आठशे, कधी दोन नऊशे. तिचं अण्णांवर फार प्रेम होतं आणि ती ते असं करत होती.

*

पाणी किती वेगानं ओढायचं, मधे कुठे थांबायचं, हे प्रत्येक माणसाचं वेगळं असतं. पूर्वी ते टेक्निशियनच्या अंदाजावर चाले. आता केंद्रात एआय मदतनीस होता. तो प्रत्येक पेशंटसाठी त्या दिवसापुरता प्रोग्राम लिहायचा आणि आधी स्वतःच चालवून बघायचा. चालवायचा कुठे, तर डब्यात.

त्याचं खरं नाव कंटेनर. संगणकाच्या आत तेवढ्या कामापुरता एक बंद कप्पा तयार होई. त्याला बाहेरचं जाळं नाही, यंत्राची तार नाही, शेजारच्या कप्प्याची खबर नाही. आत जायची ती फक्त माहितीची प्रत. त्या प्रतीवरून मदतनीस पेशंटचं एक प्रतिरूप बनवायचा, म्हणजे आकड्यांच्या पारूबाई, आकड्यांचे अण्णा. त्यांच्यावर प्रोग्राम चारशे वेळा चालवायचा. आकड्यांचे अण्णा दोनशे वेळा बेशुद्ध पडले तरी खऱ्या अण्णांच्या चहाच्या कपाला धक्का लागत नसे. चारशे वेळा सगळं सुरळीत झालं की निकाल तेवढा बाहेर येई, डॉक्टरांची मंजुरी मिळे आणि डबा आतल्या सगळ्यासकट नष्ट होई.

ही काळजी उगाच नव्हती. चार वर्षांपूर्वी दूरच्या एका राज्यात लसींच्या गोदामात अशाच एका मदतनिसाला शीतपेट्या साफ करण्याचा प्रोग्राम लिहायला सांगितला होता. त्यानं तो चाचणी म्हणून चालवला आणि चाचणी खऱ्या शीतपेट्यांवर झाली. कुणाचाच हेतू वाईट नव्हता, पण अडीच लाख मुलांच्या लसी वितळल्या. त्यानंतर कायदाच आला. मदतनिसाचा कोड डब्याबाहेर चालणार नाही आणि दवाखान्यातली यंत्रं एकमेकांशी परस्पर बोलणार नाहीत. म्हणूनच काट्यावरचं वजन तारेनं संगणकात जात नसे. मधे एक जबाबदार माणूस बसवला होता, तो आकडा वाचून हातानं लिही. मंगळवेढ्यात तो माणूस महानंदा होती.

*

जानेवारीतल्या एका गुरुवारी तीन वाजता खुर्च्या रिकाम्या झाल्यावर मदतनिसानं पडद्यावर लिहिलं:

"महानंदाताई, अण्णांच्या प्रतिरूपात एक अडचण आहे. उन्हाळ्यात नोंदीइतकं पाणी काढलं की त्यांचा रक्तदाब पडत असे. आता तेवढंच काढलं तर तो चढलेलाच राहतो. म्हणून गेले सहा आठवडे डॉक्टरांच्या मंजुरीनं मी नोंदीपेक्षा अर्धा लिटर जास्त काढतो आहे. त्यानं जमतं आहे, पण का जमतं आहे ते मला कळलेलं नाही. बाकी सहा जणांचंही थोड्या फरकानं असंच आहे."

महानंदानं चहाचा कप खाली ठेवला.

"कारण ऋतू असेल किंवा वजनाची नोंद असेल. डब्यात बसून मला ते ठरवता येत नाही. काट्याच्या स्वतःच्या स्मृतीत आजवरचं प्रत्येक वजन साठलेलं असतं. ते एकदा वाचायला मिळालं तर उलगडा होईल. त्यासाठी डब्याला फक्त वाचनापुरती एक खिडकी उघडावी लागेल. ती तुमच्या आणि डॉक्टरांच्या सहीनं उघडते. विनंती पाठवू का?"

काट्याला स्मृती असते हे महानंदाला माहीत नव्हतं. दीड वर्ष तो पत्र्याचा काटा मुकाट्यानं सगळं लक्षात ठेवत होता.

तिनं लिहिलं, "डब्याला खिडकी पाडायची नाही असा नियम आहे."

"सहीशिवाय पाडायची नाही, असा आहे. पण सही करायची की नाही हे तुम्हीच ठरवायचं. मी आतूनच जमेल तेवढं करतो. एक मात्र लक्षात असू द्या. वजन करण्याची पद्धत बदलली किंवा वजन करणारा माणूस बदलला, तर हा जास्तीचा अर्धा लिटर चुकीचा ठरू शकतो."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. बाहेर यायचा प्रयत्नही केला नाही. लस वितळल्यावर लोकांना जसा मदतनीस हवा होता तसा तो अगदी तंतोतंत होता. आता त्याला जे कळायला हवं होतं ते कळू न देण्यासाठी महानंदा त्याच कायद्याच्या आडोशाला उभी होती.

आणि माणूस तर सोमवारी बदलणार होता. सोलापुरात दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं आणि वर्षभरात एकदाही खिडकी न उघडलेलं केंद्र म्हणून मंगळवेढ्याचं नाव तिथे कौतुकानं घेतलं जाणार होतं. तिच्या जागी सांगोल्याच्या केंद्रातले सलीम मुलाणी येणार होते. पन्नाशीचा, सरळ माणूस. काटा दाखवेल ते लिहिणारा.

*

सोमवारी सकाळी सोलापूरच्या गाडीत बसून तिनं सलीमभाईंना फोन लावला. अर्धा किलो कमी लिहा, एवढंच सांगायचं होतं.

"सलीमभाई, सगळं ठीक?"

"एकदम. काटा पुसून घेतला, शून्यावर आणला. काय खास सांगायचंय का?"

"नाही. अण्णांचा हात जरा जपून. शीर सापडत नाही पटकन."

"ते तुम्ही सोडा माझ्यावर."

तिनं फोन ठेवला. इतक्या भल्या माणसाला खोटं लिहायला कसं सांगतात ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं स्वतः ते कुणी न सांगता केलं होतं.

मग तिनं अण्णांना फोन केला. "आज जाऊ नका अण्णा. उद्या परवा बघू."

"का बरं? मी पाळी चुकवत नसतो."

"सलीमभाई नवीन आहेत."

"नवीन माणसाला बी कळू दे की, मंगळवेढ्यात तीनच्या आत राहणारा एक हाय म्हणून."

अकराला ती प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये बसलेली असताना सलीमभाईंचा निरोप आला: "ताई, आज सगळ्यांचीच वजनं चढलीत. अण्णा तीन पाचशे! मदतनीस म्हणाला पुन्हा करा, पुन्हा केलं, तेवढंच. हुरडा भोवला वाटतं. पाच तास लावलेत."

ती आकडेमोड करायला लागली. कोरं पान, बॉलपेन, समोर व्याख्यान चालू. तीन पाचशे खरे. मदतनीस त्यावर आपला अर्धा लिटर चढवणार, म्हणजे चार लिटर. पाच तासांत चार, म्हणजे तासाला आठशे मिली. दहाला सुरू झालं असेल तर साडेतीन लिटर ओढून होतील तेव्हा दोन वीस झालेले असतील. तिथवर जे निघेल ते साठलेलं पाणी. दोन वीसनंतर निघेल ते अण्णांचं स्वतःचं, रक्तातलं, ज्याच्या जोरावर माणूस शुद्धीत राहतो. बहात्तर वर्षांच्या हृदयाला अर्धा लिटर कमी पडला तर काय होतं ते तिनं बावीस वर्षांच्या नोकरीत तीनदा पाहिलं होतं. त्यातला एक पेशंट परत उठला नव्हता.

डब्यात चारशे वेळा हे सुरळीतच झालं असणार. कारण डब्यातले अण्णा महानंदानं लिहिलेले होते आणि खुर्चीत बसले होते ते दुसरेच.

व्यासपीठावरचे गृहस्थ सांगत होते, "डब्याला भोक पडू द्यायचं नाही. आतली चूक आत राहिली पाहिजे." लोक लिहून घेत होते. बाहेरची चूक आत जाते तिचं काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही. बारा वाजले. एक वाजला. जेवणाच्या रांगेत कुणीतरी तिचं अभिनंदन केलं. सांगितलं तर नोकरी जाईल हे तिला दिसत होतं, पण खरं सांगायचं तर त्याची तिला तेवढी धास्ती नव्हती. अण्णांना कळेल, याची होती. "तीनच्या आत" हे वाक्य त्या माणसाकडे उरलेलं शेवटचं भांडवल होतं आणि ते तिनं छापलेलं खोटं होतं.

एक पन्नासला ती भरलं ताट तसंच ठेवून जिन्यात आली आणि तिनं डॉक्टर घैसासांना फोन लावला.

"मॅडम, यंत्रं थांबवायला सांगा. सातही. पाणी ओढणं बंद करा फक्त."

"काय झालं?"

"वजनं खोटी आहेत. आजची नाही. आधीची सगळी. मी कमी लिहीत होते."



"कधीपासून?"

"दीड वर्ष."

"अण्णांचंही?"

"अण्णांचं तर मी वाचलंसुद्धा नाही."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "थांबा," आणि दुसऱ्या फोनवरून सलीमभाईंशी बोलल्या. महानंदाला फक्त डॉक्टरांची बाजू ऐकू येत होती. दोन वाजून पाच मिनिटांनी सातही यंत्रांनी पाणी ओढणं थांबवलं. पारूबाईंचं पाणी प्रमाणाबाहेर गेलंच होतं. पोटऱ्या वळून त्या ओरडायला लागल्या होत्या, सलीमभाई सलाइन सोडत होते. अण्णा ठीक होते आणि आपल्याला का थांबवलं म्हणून वाद घालत होते.

"आता खिडकीवर सही करा," डॉक्टर महानंदाला म्हणाल्या. "मी माझी करते. त्याला काटा वाचू द्या."

तिनं जिन्यातच फोनवर अंगठा टेकवला. मदतनिसाला काट्याच्या स्मृतीतली हजारभर वजनं वाचायला चार सेकंद लागले. खिडकी लगेच बंद झाली. त्यानं जुनी सातही प्रतिरूपं मोडून नवी उभी केली आणि लिहिलं, "आता उलगडा झाला. धन्यवाद, महानंदाताई." त्यात टोमणा नव्हता, तरी तिला तोंडात मारल्यासारखं झालं.

*

चौकशी पूर्ण होईपर्यंत महानंदाला केंद्रात काम करायला बंदी झाली. नातेवाईक म्हणून मात्र बसता येत होतं. गुरुवारी ती अण्णांबरोबर आली. पारूबाई तिच्याशी बोलल्या नाहीत. पाय दुखल्याचा राग नव्हता त्यांना, पण आता दर वेळी सव्वासहाची गाडी होती, म्हैस होती आणि ताईंनी निदान तोंड तरी मिटून ठेवायला हवं होतं, असं त्यांचं मत होतं. बाकीच्यांचंही तेच असावं.

अण्णांना तिनं सोमवारी संध्याकाळीच सांगितलं होतं. ते काही बोलले नव्हते. तीन दिवस बोलले नव्हते.

काट्यावर सलीमभाईंनी आकडा मोठ्यानं वाचला, "तीन दोनशे." अण्णा कुणाकडेही न वळता खुर्चीत जाऊन बसले. हातात सुया गेल्या, यंत्र फिरायला लागलं.

तासाभरानं ते म्हणाले, "ते काट्यातलं तुझ्या फोनवर आलंय म्हणं."

"चौकशीसाठी दिलंय. माझं लिहिलेलं एका बाजूला, काट्याचं दुसऱ्या बाजूला."

"काट्याचं वाच."

"कशाला अण्णा?"

"पाच तास हायत. वाच."

एकशे पंचावन्न आकडे होते. ती हळू आवाजात वाचायला लागली. तीन पाचशे. तीन चारशे. तीन सातशे. अण्णा डोळे मिटून ऐकत होते, मधेच "हूं" म्हणत होते. पावसाळा गेला, दिवाळी गेली. दिवाळीच्या आठवड्यात चार शंभर होतं, तेव्हा ते जरा हसले. संक्रांत, शिवरात्र. ती एका लयीत वाचत गेली आणि चैत्रात आल्यावर अडखळली.

"दोन चारशे," तिनं वाचलं. मग, "दोन दोनशे. दोन शंभर. एक नऊशे."

तिनं शेजारचा रकाना पाहिला. तिच्या अक्षरात दोन आठशे, दोन नऊशे, दोन आठशे, दोन आठशे. म्हणजे जेवढं पाणी अंगात नव्हतं तेवढं यंत्रानं ओढलं होतं. सात आठवडे.

"वाच की. का थांबलीस?"

"अण्णा, हे उन्हाळ्यातलं... तुमचं खरंच तीनच्या आत होतं. खूप आत."

"आसंल." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "दिवसाला चार वाट्या पाणी पीत होतो. मोजून. चाळीस डिग्रीत. तू दमून यायचीस, म्हटलं हिला घरी तरी माझ्या पाण्यावरनं बोलायला लागू नये. ओठ फुटले होते माझे." यंत्र फिरत होतं. "तुला दर वेळी विचारायचो, किती? तू म्हणायचीस, दोन आठशे. एवढं करून बी दोन आठशेच. पायांत गोळे यायचे ते निराळेच. म्हटलं, फरकच पडत न्हाई तर कशाला जीव जाळायचा. दिलं सोडून."

"त्या वेळी मला सांगायचं तरी, अण्णा."

"काय सांगायचं?" अण्णा म्हणाले. "काटा तुझ्याकडं होता."